यादीचा आधार आणि वाचनाची जबाबदारी : महाविद्यालयीन संशोधन पत्रिकांच्या प्रकाशन-नीतीची चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर सूचना काढून संशोधन पत्रिकांची 'केअर' यादी बंद केली आणि योग्य पत्रिका निवडण्याचे काम उच्च शिक्षण संस्थांकडे व तेथील अध्यापक-संशोधकांकडे सोपविले. त्यांच्या साहाय्यासाठी आठ गटांत विभागलेले छत्तीस सूचक निकष देण्यात आले. या निर्णयानंतर महाविद्यालयांतून स्वाभाविकपणे जो प्रश्न पुढे आला तो असा : आता कोणती पत्रिका चालेल? या प्रश्नातील 'चालणे' हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. नाणे चालते किंवा चालत नाही, त्या अर्थाने ते येथे योजले जाते. नाणे खरे की खोटे एवढेच घेणारा पाहतो. त्यावर कोरलेला मजकूर कोणी वाचीत बसत नाही.

गेल्या पंधरा वर्षांत प्रकाशन-नीतीच्या नावाने जे नियमन झाले, ते बहुतांशी पत्रिकेच्या बाह्य ओळखीचे होते. निबंध छापण्यापूर्वी तो कोणा जाणत्याने वाचला काय, आणि छापल्यानंतर चूक आढळल्यास ती दुरुस्त झाली काय, हे दोन मूळ प्रश्न त्या नियमनाच्या कक्षेबाहेरच राहिले. ते तसे राहण्यास आयोग जितका कारणीभूत आहे तितकाच अध्यापकवर्गही आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. नागपूर परिसरातील बहुविद्याशाखीय महाविद्यालयीन पत्रिका हा या चिकित्सेचा मुख्य संदर्भ होय.

क्रमांकाला आलेले मोल

आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध परीक्षित पत्रिकेत प्रकाशित होणे आवश्यक केले. पुढच्याच वर्षी, ३० जून २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व स्थाननिश्चितीसाठी गुणांकनाची 'एपीआय' पद्धत आणली. तीत परीक्षित पत्रिकेतील निबंधास १५ गुण होते. अपरीक्षित, परंतु आयएसएसएन वा आयएसबीएन क्रमांक असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील निबंधास १० गुण होते. यांपैकी प्रत्येक तरतूद सुटी पाहिली तर तिचे समर्थन करता येते. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी अशी मागणी निर्माण केली, जी 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'परामर्श', 'मराठी संशोधन पत्रिका' किंवा 'अर्थसंवाद' यांच्यासारख्या मोजकी पाने असणाऱ्या नियतकालिकांना पुरी करणे शक्यच नव्हते. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांची संख्या आणि या पत्रिकांची पृष्ठसंख्या शेजारी ठेवली की पुढे जे घडले त्याचा उलगडा होतो.

त्यातही आयएसएसएन क्रमांकाचा झालेला गैरसमज विशेष उद्बोधक आहे. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटविण्यासाठी, मुख्यतः ग्रंथालयीन सोयीसाठी असतो. त्यातील अखेरचा अंक आधीच्या सात अंकांवरून गणिताने काढला जातो व त्यायोगे क्रमांक लिहिण्यात चूक झाली किंवा नाही हे ताडता येते. भारतात तो नवी दिल्ली येथील राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. क्रमांक देताना पत्रिकेतील एकाही लेखाची गुणवत्ता तपासली जात नाही, तशी अपेक्षाही नाही. असे असताना मुखपृष्ठावर 'आयएसएसएन मान्यताप्राप्त' असे शब्द छापले जाऊ लागले आणि ते कोणालाही खटकले नाहीत. वाहनाच्या नोंदणी क्रमांकावरून चालकाचे कौशल्य ठरविण्यासारखाच हा प्रकार होता.

मागणी वाढली आणि तिच्याबरोबर व्यवहाराची दिशाही उलटली. पूर्वी वर्गणीदार वाचक पत्रिकेचा खर्च उचलीत असे, म्हणून संपादकाला वाचकाचे समाधान करणे भाग होते. नव्या व्यवस्थेत पैसे लेखक देतो. 'प्रकाशन शुल्क', 'सहकार्य निधी', 'सभासदत्व' अशी नावे बदलत असली तरी संपादकाचा आश्रयदाता बदलला हे सत्य बदलत नाही. शेन व ब्यर्क या अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अशा संशयास्पद पत्रिकांतील निबंधांची जागतिक संख्या २०१० मधील सुमारे ५३ हजारांवरून २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजारांवर गेली होती. सरासरी शुल्क १७८ डॉलर होते आणि प्रकाशकांच्या संख्येत भारत अग्रस्थानी होता. मासिक वेतनातून सहज बाजूला काढता यावी अशीच ही रक्कम आहे.

कोलोरॅडो विद्यापीठातील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी', म्हणजे भक्षक, हे विशेषण दिले आणि ते रूढ झाले. परंतु ते आपल्याकडील परिस्थितीला नीट लागू पडत नाही. भक्षक म्हटले की भक्ष्य हे निरपराध ठरते. येथे तर लेखक शुल्क भरतो, अंकाची तारीख विचारून घेतो, प्रमाणपत्राची मागणी करतो आणि परीक्षणाचा अभिप्राय आला नाही याबद्दल तक्रार करीत नाही. काही नवोदित संशोधक खरोखर फसले असतील, ते नाकारण्याचे कारण नाही. उर्वरितांच्या बाबतीत 'शिकार' हा शब्द सौजन्याचा अतिरेक होय.

पुण्याचा अभ्यास : त्याचे मोल व मर्यादा

आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यात आंतरराष्ट्रीय सूचींमधून घेतलेल्या पत्रिका होत्या, तशाच विद्यापीठांनी शिफारस केलेल्या पत्रिकाही होत्या. या दुसऱ्या विभागाचा अभ्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठांनी सुचविलेल्या ५६९९ पत्रिकांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १३३६ पत्रिका त्यांनी तपासल्या. आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. काहींनी पत्ता, संपादक यांसारखी प्राथमिक माहितीही दिली नव्हती; काहींनी चुकीचा आयएसएसएन क्रमांक किंवा प्रभावांकाचा खोटा दावा छापला होता. २ मे २०१८ रोजी आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून वगळल्या.

या अभ्यासाचे मोल निःसंशय मोठे आहे. महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून, नावे व आकडे देऊन, राष्ट्रीय पातळीवरील यादीचे असे परीक्षण होणे ही दुर्मिळ घटना होती. तथापि त्याची चर्चा ज्या रीतीने झाली ती अपुरी होती. ८८ टक्के हा आकडा सर्वत्र उद्धृत झाला, परंतु तो कशाचा आकडा आहे याकडे दुर्लक्ष झाले. या पत्रिकांची शिफारस विद्यापीठांनी केली होती. म्हणजे कोठेतरी प्राध्यापकांच्या समितीसमोर त्या नावांचा कागद आला, त्यावर सह्या झाल्या आणि तो पुढे गेला. तेव्हा हा आकडा लबाड प्रकाशकांच्या संख्येइतकाच न वाचता केलेल्या सह्यांचाही आहे. आयोगाच्या ढिलाईवर टीका करणाऱ्या लेखनात ही बाजू फारशी येत नाही.

अभ्यासाची दुसरी मर्यादा पद्धतीची आहे. पत्रिका स्वतःविषयी काय सांगते, आणि ते सांगणे खरे आहे काय, यावर हे निकष मुख्यत्वे आधारलेले होते. पत्ता, संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत, नियमितता, नीतिविषयक धोरण या गोष्टी बाहेरून तपासता येतात, म्हणून त्या तपासल्या गेल्या. सव्वा हजारांहून अधिक पत्रिकांच्या बाबतीत याहून वेगळे करता येणेही कठीण होते. परंतु अशा कसोटीतून अप्रामाणिक पत्रिका सापडते ती तिच्या निष्काळजीपणामुळे. ज्याने अर्ज काळजीपूर्वक भरला, धोरणाचे पान तयार केले आणि संपादकांची नावे नीट छापली, त्याने निबंध वाचला की नाही हे तेथून दिसत नाही. बोहॅनन यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'साठी केलेला प्रयोग या दृष्टीने आठवतो. त्यांनी ढोबळ दोष मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध किंचित फेरफारांसह ३०४ पत्रिकांकडे पाठविला व त्यांपैकी १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. तेथे कसोटी पत्रिकेच्या घोषणेची नसून वाचनाचीच होती.

जे बाहेरून तपासता येते त्याची बाहेरून नक्कलही करता येते, हे 'केअर' यादीच्या काळात सिद्ध झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये घोषित झालेली आणि जून २०१९ मध्ये अवतरलेली ही यादी पहिलीपेक्षा निश्चितच काटेकोर होती. पण तिच्यात नाव असलेल्या पत्रिकेला जे मोल आले त्यातून 'क्लोन' पत्रिकांचा धंदा उभा राहिला. ज्या जुन्या, प्रतिष्ठित पत्रिका केवळ छापील स्वरूपात निघत होत्या, त्यांची नावे व आयएसएसएन क्रमांक घेऊन बनावट संकेतस्थळे निर्माण झाली. अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराची 'संबोधि' ही भारतविद्येची पत्रिका आहे. तिच्या नावाने व्यवस्थापन, अभियांत्रिकी अशा विषयांवरील निबंध छापले जाऊ लागले. लेखकाने मूळ पत्रिकेचा एक जरी अंक हाती घेतला असता, तरी आपल्या विषयाचा येथे संबंध नाही हे त्याला कळले असते. तसा तो घेतला गेला नाही, कारण यादीत नाव असल्यावर अंक पाहण्याची गरज उरत नाही.

मराठीचा प्रश्न

या सर्व प्रकरणात मराठीतून होणाऱ्या संशोधनाची कोंडी वेगळ्या स्वरूपाची आहे. आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी नियतकालिकांना जवळजवळ स्थान नाही. महानुभाव वाङ्मयावर, झाडीबोलीवर अथवा वऱ्हाडातील लोकपरंपरेवर मराठीत लिहिणाऱ्यासाठी २०१७ च्या यादीत एकच दार होते, ते विद्यापीठाच्या शिफारशीचे. नेमके तेच दार सर्वाधिक बदनाम झाले. 'केअर' यादीवरील आक्षेपांत अतिकेंद्रीकरण व विलंब यांच्या जोडीने भारतीय भाषांची उपेक्षा हाही आक्षेप होता आणि यादी बंद करताना आयोगाच्या नेतृत्वाने तो मान्य केला. आक्षेप योग्यच आहे. पण मराठीची उपेक्षा झाली म्हणून मराठीत होणारे सर्व प्रकाशन नीतिमान ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणणे आवश्यक आहे. भाषाभिमानाची ढाल पुढे करून निकृष्ट विशेषांक खपविण्याचे प्रकार घडले आहेत.

यादी नसताना मराठी संशोधन कसे चालत असे, याचे उदाहरण नागपुरातच आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांचे मराठी संशोधनलेख 'संशोधनमुक्तावली'च्या सरांतून विदर्भ संशोधन मंडळाने प्रसिद्ध केले. 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजेच नागपूरजवळचे रामटेक, हे मत मिराशींनी हिरीरीने मांडले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटातील रामगिरिस्वामीचा उल्लेख हा त्यांच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा होता. रामगिरी म्हणजे सरगुजा भागातील रामगढ असे मानणाऱ्या पक्षाने आपला पुरावा मांडला, मिराशींनी त्यास उत्तर दिले, आणि हे सारे छापील स्वरूपात झाले. निर्णय कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा पुरावा, आक्षेप व उत्तर ही तिन्ही वाचकाच्या हाती होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. प्रकाशनानंतरचे परीक्षण ते हेच.

जुन्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. त्या वेळी संपादकाचा शब्द अंतिम असे आणि संशोधनाचे वर्तुळ लहान व सामाजिकदृष्ट्या बंदिस्त होते. अनेकांना त्यात प्रवेशच नव्हता. बाह्य परीक्षण ही पद्धतही वाटते तितकी पुरातन नाही. 'नेचर'सारख्या पत्रिकेत ती १९७३ पासून नियमित झाली. महाविद्यालयीन पत्रिकांनी हे वर्तुळ मोडले आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या अध्यापकाला, पहिल्या पिढीच्या संशोधकाला लिहिण्यास जागा दिली, हे त्यांचे श्रेय आहे. म्हणूनच त्या जागेचे मोल राखणे हा केवळ नियमपालनाचा प्रश्न उरत नाही.

महाविद्यालयीन पत्रिकेच्या आत

'उभयांध परीक्षण' हा शब्द आज प्रत्येक महाविद्यालयीन पत्रिकेच्या मलपृष्ठावर आढळतो. लेखकास परीक्षक व परीक्षकास लेखक माहीत नसावा, अशी ही कल्पना आहे. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांपुरते राहिले. चार जिल्ह्यांतील एका विषयाचे मार्गदर्शक एकमेकांना नावाने, शैलीने व विद्यार्थ्यांच्या विषयांनीही ओळखतात. निबंधाचे शीर्षक वाचताच तो कोणाच्या मार्गदर्शनाखाली लिहिला गेला हे परीक्षकास कळते, आणि पुढील महिन्यात त्याच मार्गदर्शकाकडे आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध जावयाचा आहे हेही त्यास ठाऊक असते. अशा वेळी नाव झाकणे हा केवळ उपचार ठरतो. अमरावती, गोवा, कलबुर्गी अशा अन्य विद्यापीठांतील मराठी विभागांशी निबंधांची देवाणघेवाण केल्यास काही प्रमाणात खरे अंतर निर्माण होऊ शकते. त्यास खर्च येत नाही, वेळ मात्र लागतो.

बहुविद्याशाखीय स्वरूपामुळे अडचण आणखी वाढते. वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र व मराठी या विषयांचे निबंध एकाच अंकात असतील तर त्यांना चार प्रकारचे जाणते वाचक हवेत. प्रत्यक्षात संपादक मंडळ महाविद्यालयातील सहकाऱ्यांचे असते. त्यांच्या जोडीला दूरच्या विद्यापीठांतील काही नावे छापली जातात. त्यांपैकी कित्येकांना अंकही पोहोचत नाही.

सर्वांत गंभीर प्रकार चर्चासत्राच्या विशेषांकाचा आहे. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्राची घोषणा होते, नोंदणी शुल्कातच प्रकाशनाचा समावेश असतो, आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमात मान्यवरांच्या हस्ते विशेषांकाचे प्रकाशन होते. म्हणजे चर्चा होण्यापूर्वीच निबंध छापून बांधला गेलेला असतो. सत्रात कोणी मौलिक आक्षेप घेतला तरी तो निबंधात शिरण्याची वाट उरलेली नसते. या पद्धतीत अप्रामाणिकपणाचा हेतू असतोच असे नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या तिसऱ्या निकषाखाली महाविद्यालयाला निबंधांची संख्या दाखवायची असते, सहभागी अध्यापकाला त्याच दिवशी प्रत हवी असते आणि संयोजकाला खर्चाचा मेळ घालायचा असतो. तिघांचीही सोय होते. गैरसोय केवळ विषयाची होते.

वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनीही वाचनाचे काम संख्येकडे सोपविले आहे. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे ४०, ६० व त्यावरील असे स्तर त्यांनी ठरविले. सामान्य ज्ञान वा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही त्यांनी वगळले. ही साधने इंग्रजीत उपयोगी ठरली असतील. मराठीत चौर्याची प्रचलित वाट भाषांतराची आहे. हिंदी प्रबंधातील प्रकरण मराठीत उतरविले तर शब्दांची तुलना करणाऱ्या संगणकप्रणालीला साम्य साधारणतः आढळत नाही आणि निबंधास शून्य टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळते. ते ओळखण्यासाठी दोन्ही ग्रंथ वाचलेला माणूसच लागतो.

शुद्धिपत्र

जुन्या मराठी ग्रंथांना अखेरीस शुद्धिपत्र जोडलेले असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने त्यात असत. त्यात मुद्रणदोषच अधिक असले तरी छापलेले चुकू शकते, याची ती ग्रंथातच दिलेली कबुली होती. लंडन येथे १९९७ मध्ये संपादकांनी स्थापन केलेल्या 'कोप' या संस्थेने २००९ मध्ये निबंध मागे घेण्यासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांचा गाभा याहून फार वेगळा नाही. दोषी निबंध गुपचूप काढून टाकू नये, तो मागे घेतल्याचे कारणासह जाहीर करावे आणि नोंद कायम राहू द्यावी, असे ती सांगतात. महाविद्यालयीन पत्रिकांच्या अंकांतून मात्र दुरुस्तीची अथवा निबंध मागे घेतल्याची सूचना क्वचितच आढळते. इतक्या निबंधांत चुकाच नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही.

२ मे २०१८ च्या सूचनेत आयोगाने एक सवलत ठेवली होती. वगळलेल्या पत्रिकांत त्यापूर्वी प्रकाशित वा स्वीकृत झालेले निबंध नेमणूक व पदोन्नतीसाठी ग्राह्य धरता येतील, असे तीत म्हटले होते. प्रशासनाच्या दृष्टीने ही सवलत न्याय्य होती, कारण लेखकांनी तत्कालीन नियमांनुसारच प्रकाशन केले होते. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की गुणांचा हिशेब मिटला आणि निबंध मात्र जेथल्या तेथे राहिले. ते ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत, अध्यापकांच्या स्वपरिचयांत आहेत आणि त्यांतील विधाने नव्या प्रबंधांत संदर्भ म्हणून येत आहेत. वगळलेल्या पत्रिकांची नावे उपलब्ध आहेत आणि प्रबंध 'शोधगंगा'वर खुले आहेत. एका विद्यापीठापुरते, एका विषयापुरते असे किती संदर्भ पुढे गेले, हे मोजणे आणि ते निबंध प्रत्यक्ष वाचून त्यांतील ग्राह्य कोणते हे ठरविणे, हे मराठीच्या एखाद्या विभागाला दोन-तीन सत्रांत करता येण्याजोगे काम आहे. त्यांतले काही निबंध चांगलेही निघतील.